काकांच्या यशिका मॅटमध्ये अर्धा रोल तसाच आहे, उघडू का? (आणि परत फिल्मवर यायचंय)

अर्धीफ्रेम

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय. कॉलेजात असताना ३५ एमएम वर भरपूर ब्लॅक अँड व्हाइट केलं, डेव्हलपिंगसुद्धा स्वतःच करायचे, मग डिजिटल आलं आणि सगळं सुटलं ते सुटलंच, वीसेक वर्षं झाली. आता काका गेले आणि काकूंनी त्यांचा यशिका मॅट १२४जी (दोन लेन्सचा, वरून खाली बघून फोटो काढायचा फिल्म कॅमेरा) माझ्या हातात ठेवला, म्हणाल्या घरात तूच काय ती यातली, तूच ठेव.

काल रात्री हुड उघडला, धूळ पुसली आणि मग बाजूच्या काउंटरकडे लक्ष गेलं, तर आकडा ७. म्हणजे आत रोल आहे! क्रँक जराशी फिरवून पाहिली तर फिरायला लागली, मी घाबरून तिथंच थांबले. मागचं झाकण उघडलेलं नाही. काकूंना विचारलं तर त्यांना काही आठवत नाही, कॅमेरा कपाटात किती वर्षं होता तेही नक्की सांगता येत नाही, पंचवीस ते तीस असावीत असा अंदाज.

प्रश्न दोन. एक, या रोलचं काय करू, अजून काही निघेल का त्यातून? दुसरा, मला हा कॅमेरा खरंच वापरायचाय, शोकेसमध्ये ठेवायचा नाहीये, पण मीडियम फॉरमॅट (म्हणजे ३५ पेक्षा मोठ्या फिल्मचा कॅमेरा) कधीच हाताळलेला नाही. सुरुवात कुठून करू?

अंधारखोली

ताई, झाकण उघडलं नाहीत हे फार चांगलं केलंत. उघडलं की काउंटर परत सुरुवातीला जातो आणि वरच्या एकदोन फ्रेम तरी प्रकाशाने जातातच.

क्रँक फिरतेय म्हणजे ७ नंबरची फ्रेम काढून झालेली आहे, पुढची अजून ओढलेली नाही. या कॅमेऱ्यात शटर मारल्याशिवाय क्रँक पुढे जात नाही. म्हणजे काकांच्या सात फ्रेम आत आहेत आणि पाच कोऱ्या आहेत, ८ ते १२. आता क्रँक अर्धवट सोडू नका, थांबेपर्यंत पुढे फिरवा, मग उलटी फिरवून जागेवर आणा. जोर लावायचा नाही, अडली तर तिथंच सोडून दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. सेल्फ टायमरच्या खटक्याला तर हातही लावू नका, जुन्या शटरमध्ये तो अडकला की सगळंच अडकतं.

माझं मत, उरलेल्या पाचात नवीन काही काढायच्या भानगडीत पडू नका. लेन्सला कॅप लावून पाच वेळा रिकामं शटर मारा, १२ नंतर क्रँक मोकळी फिरते तशी फिरवत राहा म्हणजे कागदाचं शेपूट पूर्ण गुंडाळलं जाईल, आणि मग सावलीत किंवा चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून काम करायची प्रकाशबंद पिशवी) रोल बाहेर काढा. रोल सैल वाटला तर बोटांनी घट्ट धरून लगेच त्याची कागदी पट्टी चिकटवा, सैल रोलच्या कडेने प्रकाश आत शिरतो. पट्टीवर आणि शेवटच्या कागदावर फिल्मचं नाव छापलेलं असतं, ते इथे सांगा, मग डेव्हलपरचं (फिल्म धुवायच्या केमिकलचं) बघू. कलर निगेटिव्ह निघाली तरी ब्लॅक अँड व्हाइटच्या केमिकलमध्ये धुता येते, रंग मिळत नाहीत पण चित्र मिळतं, आणि इतक्या जुन्या रोलला तेच बरं.

जुनीलेन्स

अंधारखोलीदादांचं बाकी सगळं पटलं पण कोऱ्या पाच फ्रेम वाया घालवायच्या हे नाही पटलं. ताई, त्याच रोलवर काकूंचे फोटो काढा. काकांनी सात काढले, पुढचे तुम्ही काढा, एकाच पट्टीवर दोघांचे. हे परत कधी जमणार नाही.

आणि याचा तांत्रिक फायदाही आहे. १२० च्या रोलमध्ये (या कॅमेऱ्यातला हाच रुंद रोल) फिल्मचं पुढचं टोक कागदाला टेपने चिकटवलेलं असतं आणि मागचं टोक मोकळं असतं. एक्सपोज झालेला रोल अंधारात उलगडायला घेतला की आधी ते मोकळं टोक हाताला लागतं, म्हणजे १२ नंबरची बाजू. तर ८, ९, १० वर काकू, आणि ११ व १२ वर कुठलंही साधं दृश्य. मग अंधारात त्या टोकाकडचा ८-१० सेंमीचा तुकडा कात्रीने कापायचा, बाकीची फिल्म कागदासकट घट्ट गुंडाळून प्रकाशबंद डब्यात, आणि आधी फक्त तो तुकडा धुवून बघायचा. फार पातळ, म्हणजे फिकट आला तर वेळ वाढवा, सगळाच करडा झाला तर कमी करा. काकांच्या फ्रेम आतल्या बाजूला सुरक्षित राहतात. अनोळखी जुन्या रोलला याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

एक्सपोजर असं धरा, जुन्या निगेटिव्हला दर दहा वर्षांना साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्यायचा हा ठोकताळा आहे. फिल्म १०० ची धरली तर भर उन्हात एफ १६ ला १/१२५ लागतं, तीन स्टॉप वाढवून एफ ५.६ ला १/१२५ द्या. काकूंना उन्हातच बसवा, कारण हळू स्पीडवर अजून विश्वास ठेवता येणार नाही, आतलं ग्रीस सुकलं की १ सेकंदाचं शटर दोन-तीन सेकंद उघडं राहतं. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरचंही ऐकू नका. तो १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलसाठी बनवलाय, ते सेल आता बनत नाहीत, आणि १.५ चा घातला की प्रकाश आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. पुढे लागलाच तर कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक एअर सेल बघा, तो व्होल्टेजला जवळ आहे, आकाराने लहान पडतो म्हणून भोवती रिंग लागते.

डेव्हलपर म्हणाल तर मी एचसी-११० घेईन, डायल्यूशन बी म्हणजे १+३१ (एक भाग केमिकल, ३१ भाग पाणी), कारण जुन्या फिल्मवरचा फॉग (वयाने चढलेला करडेपणा) त्यात कमी दिसतो. तुकड्याला २० डिग्रीवर ७ मिनिटांपासून सुरुवात करा. रोडिनल या दुसऱ्या डेव्हलपरच्या १+१०० मध्ये तासभर तसंच ठेवून देणारे बरेच आहेत पण जुन्या रोलला मी ते करणार नाही, फॉगही तितकाच चढतो.

अंधारखोली

तुकड्याची कल्पना मान्य, माझ्या डोक्यात आली नव्हती. माझं मत मागे घेतो. काकूंचे काढाच.

बाराचफोटो

दुसऱ्या प्रश्नाचं मी लिहितो, कारण मी पण ३५ वरूनच आलो. ताई, पहिले काही दिवस रोल न घालता नुसतं वरून स्क्रीनमध्ये बघत हिंडा. चित्र सुलट दिसतं पण डावं उजवं उलट असतं, चालणाऱ्या माणसाच्या मागे कॅमेरा फिरवायला गेलात की तो दुसऱ्याच बाजूला पळतो, हाताला ते कळायला वेळ लागतो. फोकसला नेहमी हुडमधलं भिंग उघडा, कारण ८० एमएम ला एफ ३.५ वर जवळून काढलं तर डोळा शार्प आणि कान गेलेला असं होतं. आणि जवळून काढताना वरची लेन्स बघते पण फोटो खालची काढते, तेव्हा डोक्यावर जरा जास्त जागा सोडा.

नवीन रोल घालताना कागदावरचा बाण आतल्या खुणांसमोर आणायचा, मगच झाकण लावायचं. त्याआधी मागची प्रेशर प्लेट १२० वर आहे ना बघा, काही वेळा ती २२० वर (दुप्पट लांब रोलसाठीची जागा) राहून गेलेली असते. पहिला रोल एकाच प्रकारचा ठेवा, एचपी५ किंवा ट्राय-एक्स अशी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, आणि चारपाच रोल तोच. ५६ गुणिले ५६ मिमीची निगेटिव्ह, ३५ च्या साडेतीन पटीहून मोठी, पहिल्यांदा ओली पट्टी उजेडापुढे धराल ना तेव्हा भिंग न लावता चेहरा ओळखू येतो. मला अजून दर वेळी तितकाच आनंद होतो.

धुवायच्या टँकमधल्या रीळावर फिल्म चढवायला मात्र एक रोल बळी द्या. १२० रुंद आणि लवचीक असते, जोर केला की घडी पडते आणि तिथे चंद्रकोरीसारखा डाग उमटतो. आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग बॅगमध्ये. रीळ कोरडं ठणठणीत हवं. आणि टँकमध्ये केमिकल ५०० मिली, ३५ च्या सवयीने ३०० ओतू नका.

अर्धीफ्रेम

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. जुनीलेन्सदादांनी सांगितलं तसंच्या तसं केलं. काकूंना अंगणात उन्हात बसवलं, त्या म्हणाल्या तुझे काका पण असंच खाली मान घालून बघत बसायचे, मी कंटाळून हसायला लागले की तेव्हा दाबायचे. मी पण तेव्हाच दाबलं.

रोल निघाला १०० चा ब्लॅक अँड व्हाइट. तुकडा ७ मिनिटांना फारच पातळ आला म्हणून बाकीचा रोल साडेनऊ मिनिटं धुतला. फिक्सरचा तो वास आला आणि वीस वर्षं मधे गेलीच नाहीत असं वाटलं. रीळ उघडताना हात थरथरत होते. काकांच्या सातातल्या दोन पूर्ण गेल्यात, तिसरीवर मागच्या कागदाचे आकडे उमटलेत, पण चार आहेत! करड्या आहेत, पण आहेत. ५ नंबरमध्ये काकू पायरीवर बसल्यात, मांडीवर फ्रॉकातली मुलगी आहे, तिचा एक पाय अनवाणी. तो फ्रॉक मी ओळखला. ती मी आहे.

काकूंचे तिन्ही आलेत, १० वा सगळ्यात छान.

आता हे स्कॅन कसं करू? पट्टी वाळल्यावर नळीसारखी गुंडाळली जातेय आणि फ्लॅटबेड स्कॅनरच्या काचेला टेकली की रंगीत वर्तुळं येतात.

अंधारखोली

ताई, वाचून बरं वाटलं. पट्टी आधी तीन तीनच्या तुकड्यांत कापून स्लीव्हमध्ये (निगेटिव्हच्या पारदर्शक पाकिटात) घाला आणि जड पुस्तकांखाली आठवडाभर दाबा. मग काचेवर थेट न ठेवता होल्डरमध्ये, चकचकीत बाजू काचेला लागू द्यायची नाही. डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल तर लाइट पॅनलवर ठेवून वरून फोटो काढलेला जास्त चांगला. ५ नंबरला घाई करू नका, आधी वाया गेलेल्या फ्रेमवर सेटिंग जमवा.