शुगर-फ्री गोळ्यांमुळे प्रेग्नन्सीत लिव्हरला त्रास होतो का? रिपोर्टमध्ये एएलपी वाढलंय

अबोली२१:
मला ३१वा आठवडा चालू आहे. प्रेग्नन्सीतली शुगर निघाली म्हणून साखर बंद केलीये आणि चहात शुगर-फ्री गोळ्या टाकते, दिवसाला चार-पाच होतात, त्यात अ‍ॅस्पार्टेम आहे. काल एक व्हिडिओ बघितला की याने लिव्हरचा कॅन्सर होतो आणि पोटातल्या बाळाच्या लिव्हरवरपण परिणाम होतो, आणि नेमका आज माझा एलएफटीचा (लिव्हरच्या तपासणीचा) रिपोर्ट आला तर त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज (एएलपी) या एन्झाइमपुढे लाल खूण, बाकी एसजीपीटी, बिलिरुबिन रेंजमध्ये. तशीही रात्री तळहात-तळपायांना खाज सुटते म्हणून झोप होत नाहीये आणि त्यात हे टेन्शन. गोळ्यांमुळेच झालं असेल का? डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे.

रानवाट:
एएलपीचं आधी सांगते कारण त्यानेच जास्त घाबरली आहेस. शेवटच्या तिमाहीत वारसुद्धा एएलपी बनवते, त्यामुळे ते दुप्पट होणं नॉर्मल आहे, रिपोर्टवर छापलेली रेंज गरोदर नसलेल्यांची असते म्हणून लाल खूण येते. लिव्हरसाठी एसजीपीटी आणि बिलिरुबिन बघतात, ते प्रेग्नन्सीत वाढायला नको, आणि तुझं ठीक आहे.

मंदार_के:
व्हिडिओवाल्यांनी अर्धंच सांगितलंय. जुलै २०२३ मध्ये आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) अ‍ॅस्पार्टेमला २बी गटात टाकलं हे खरं आहे, आणि लिव्हर कॅन्सरचाच संदर्भ होता हेही खरं, पण २बी म्हणजे 'शक्यता आहे, पुरावा मर्यादित', किती खाल्ल्यावर किती धोका हे तो गट सांगतच नाही. ते काम जेईसीएफए या खाण्यातल्या रसायनांची मर्यादा ठरवणाऱ्या दुसऱ्या समितीचं, आणि तिने त्याच वेळी जुनी मर्यादा कायम ठेवली, दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलीग्रॅम. ६० किलो वजन धरलं तर २४०० मिलीग्रॅम झाले. एका गोळीत साधारण २०च्या आसपास असतं (पाकिटावर बघून घ्या), म्हणजे पाच गोळ्या म्हणजे फार तर शंभर. डाएट सोड्याच्या एका कॅनमध्येच २०० ते ३०० असतं.

शिवाय अ‍ॅस्पार्टेम आतड्यातच तुटतं, त्याचं फेनिलअ‍ॅलनिन, अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड आणि थोडं मेथॅनॉल होतं. मेथॅनॉल ऐकून दचकू नका, फळांच्या रसातूनही ते पोटात जातंच आणि एवढं लिव्हर आरामात निकालात काढतं. ज्यांना पीकेयू हा जन्मजात आजार आहे (यात शरीराला फेनिलअ‍ॅलनिन पचवता येत नाही) त्यांनी मात्र हे अजिबात घ्यायचं नाही, गरोदरपणात तर नाहीच, कारण वाढलेलं फेनिलअ‍ॅलनिन बाळाच्या मेंदूला घातक. सॅकरिन या दुसऱ्या स्वीटनरच्या गोळ्यापण टाळा, ते वारेतून बाळापर्यंत जातं आणि तिथून हळूहळू बाहेर पडतं.

सावली_प्र:
अगं अबोली गोळ्यांचं राहू दे बाजूला, ती खाज कधीपासून आहे?? तळहात-तळपाय, रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ नाही असं असेल तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नकोस, आजच डॉक्टरांना फोन कर आणि बाइल अ‍ॅसिडची रक्ततपासणी विचार. प्रेग्नन्सीत कधीकधी पित्त लिव्हरमध्ये साचून राहतं आणि त्यातली बाइल अ‍ॅसिड रक्तात वाढतात, कोलेस्टेसिस म्हणतात, त्यात अशीच खाज येते आणि सुरुवातीला एसजीपीटी नॉर्मलही असू शकतं, खाज आधी आणि रिपोर्ट नंतर बिघडतो. प्रेग्नन्सीतली शुगर असलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. आईला मुख्यतः खाजेचा त्रास, पण बाइल अ‍ॅसिड १००च्या (मायक्रोमोल प्रति लिटर) वर गेलं तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून लक्ष ठेवतात आणि गरज पडली तर डिलिव्हरी लवकर करतात. आणि उजव्या बरगडीखाली दुखलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा लघवी गडद झाली तर फोनपण नको, सरळ हॉस्पिटल गाठ.

अबोली२१:
पुरळ नाहीये ताई, तळपायांनाच जास्त येते आणि दहा-बारा दिवस झाले असतील, मला वाटलं त्वचा कोरडी पडली म्हणून, तेल लावत होते. आत्ता फोन केला, डॉक्टरांनी उद्या सकाळीच बोलावलंय आणि तीच टेस्ट सांगितलीये. उपाशीपोटी जायचं का?

सावली_प्र:
बऱ्याच ठिकाणी आता जेवूनच करतात, शुगर आहे तर उगीच उपाशी राहू नकोस, लॅबला विचारून घे. आधीचा रिपोर्ट सोबत ने, आणि टेस्ट नॉर्मल आली पण खाज चालूच राहिली तर पुन्हा करायला सांग. बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी जा. काय आलं ते इथे कळव नक्की.