परीक्षा पास झाली तरी लायसन्स वेगळं
वर विचारलंय की इथे बडोद्यात बी.कॉम. झालेल्या भाचीला सीए सोडून अमेरिकेचं सीपीए (म्हणजे तिथलं सीएसारखं अकाउंटिंगचं लायसन्स) करता येईल का, तर येईल, पण चार पेपर 75 स्कोरने पास झाली म्हणजे झाली सीपीए असं नाही हो! लायसन्स तिथल्या राज्याचं बोर्ड देतं, अनेक ठिकाणी 150 क्रेडिट तास (कॉलेजच्या शिक्षणाचं तिथलं माप) मागतात आणि आपलं तीन वर्षांचं बी.कॉम. त्यात सहसा कमी पडतं, शिवाय साधारण वर्षभराचा अनुभव, तोही लायसन्सवाल्या सीपीएने सही करून दिलेला. क्लासवाले हे आधी नीट सांगत नाहीत याचा फार राग येतो. फी भरायच्या आधी मार्कशीटचं इव्हॅल्युएशन, म्हणजे आपलं शिक्षण तिथल्या किती क्रेडिटचं धरतात ते, करून घ्या, मग राज्य निवडा. पेपर अहमदाबादला देता येतात. पण इथे कंपनीच्या ऑडिटवर सही करायची असेल तर सीएच व्हावं लागेल.