डावी भुवई खाली, उजवी वर: मेकअपनं चेहरा तोलावा का?

रंगपेटी:
लग्नसराई आटोपली, हात जरा मोकळे झाले, म्हणून डोक्यात घोळणारा विषय टाकतेय. ११ वर्षं नवरीचा मेकअप करते. गेल्या महिन्यात एक मुलगी ट्रायलला आली, सोबत आत्या. मी प्रायमरची बाटली उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "हिची डावी भुवई जरा खाली आहे, तेवढं बघा हं." मुलीनं आरशात पाहिलं. २६ वर्षांत तिला ते कधी दिसलं नव्हतं, आणि त्या क्षणापासून दुसरं काही दिसेना.

मी काम केलं. डाव्या भुवईच्या कमानीवर पेन्सिलनं चार केस रेखले, उजवीच्या वरचे दोन-तीन उपटले, डाव्या डोळ्याचं लायनर सुतभर जाड ठेवलं. आत्या खूश, मुलगी खूश.

माझं मत सरळ आहे. एक खांदा उतरता असेल तर शिंपी ब्लाउजच्या त्या बाजूला पॅड घालतो. त्याला कुणी न्यूनगंड म्हणत नाही, मग भुवईनंच काय घोडं मारलंय? दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला चेहरा मी तरी अजून पाहिलेला नाही. पण त्या मुलीची मैत्रीण नंतर तोंडावर म्हणाली, "तुम्ही लोक आधी खोट दाखवता आणि मग ती झाकायचे पैसे घेता." लागलं मला ते. बोला.

मिरचीकूट:
मैत्रीण बरोबर बोलली. शिंप्याचं उदाहरण इथे लागूच नाही. पॅड घातलं नाही तर ब्लाउज खांद्यावरून घसरतो. भुवई कुठे घसरणार होती?

हा धंदा जुना आहे. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टर या मेकअपवाल्यानं 'ब्यूटी मायक्रोमीटर' नावाचं यंत्र काढलं होतं. धातूच्या पट्ट्यांचा पिंजरा बाईच्या डोक्यावर चढवायचा, स्क्रू पिळायचे आणि चेहऱ्यावर कुठे किती कमी-जास्त आहे ते मोजायचं. फोटो शोधून बघा, गुन्हा कबूल करून घ्यायचं यंत्र वाटतं. तुमच्या त्या आत्याबाई म्हणजे पैठणी नेसलेला मायक्रोमीटर.

पडद्यामागे:
पैठणीचं आवडलं, पण यंत्राची अर्धीच गोष्ट सांगितलीत. ते सिनेमासाठी होतं. पडद्यावर चेहरा भिंतीएवढा होतो, तिथे डोळ्यांना न दिसणारा फरक वीतभर दिसायला लागतो. म्हणजे अडचण कॅमेऱ्याची होती, बाईची नव्हे.

मी नाटकाच्या रंगपटात बरीच वर्षं काढली आहेत. तिथे दोन भुवया मापात बसवायला कुणाला वेळ नसतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला राग कळला पाहिजे, बस. आणि एक गोष्ट तुम्ही पार्लरवाले नवरीला सांगत नाही: शेडिंग हे उजेडाचं गुलाम आहे. गालाच्या हाडाखाली दिलेला गडद रंग सावली म्हणून खपतो तो उजेड समोरून असेल तेव्हाच. वाकड्या नाकावर मधून सरळ उजळ रेघ ओढली की समोरून नाक सरळ दिसतं, खरं आहे. तीच नवरी खिडकीशी उभी राहिली की नाकावर चुन्याची रेघ आणि गालावर तपकिरी पट्टा. स्टेजवर व्हिडिओवाल्याचा झगझगीत दिवा समोर असतो, पंगतीत ट्यूबलाइट डोक्यावर. एका चेहऱ्याला दोन्हीकडे कसं तोलणार?

रंगपेटी:
@पडद्यामागे, म्हणूनच मी क्रीमचं शेडिंग अगदी पातळ ठेवते आणि ट्रायल संपली की मुलीला गॅलरीत उभं करून बघते. सगळ्या जणी थापत नाहीत हो.

जुईची_आई:
मी मिरचीकूटच्या बाजूनं. लेक नववीत आहे. महिनाभर घोकतेय की तिचं नाक मोठं आणि वाकडं आहे. कुठून आलं हे? फोनमधून. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये गणित मांडून दाखवलं होतं की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. शिवाय आपल्याला स्वतःचा चेहरा आरशातला, म्हणजे डावं-उजवं उलटं झालेला, पाहायची सवय. सुलटा फोटो समोर आला की तोच चेहरा तिरका वाटतो. आता ती नाक बारीक करायचे व्हिडिओ बघत बसते. फूटभर अंतरावरून तिला बघणारं घरात आहे कोण? मी आणि मांजर.

कोकणातला_गणू:
बायकांच्या धाग्यात नाक खुपसतो, माफी. पण नथ आपण डाव्या नाकपुडीत घालतो. एवढा मोत्यांचा झुपका एकाच बाजूला! अख्खा महाराष्ट्र नवरीला आधी मुद्दाम एकांगी करतो आणि मग तिच्या भुवया मोजत बसतो.

रंगपेटी:
गणूभाऊ, हसलात तरी मुद्दा माझाच आहे. नथीकडे नजर गेली की नाकाचा तिरकेपणा कुणी बघत नाही. खरी चुगलखोर चंद्रकोर. गवंड्याच्या ओळंब्यासारखी मधोमध बसते आणि खाली नाक कुठे कलतंय ते सगळ्यांना सांगते. त्यात मधला भांग पाडला की झालंच. असे चेहरे असले की मी भांग किंचित बाजूला घेते. त्याला ना पैसे पडतात, ना कुणाला कळतं.

अर्धवट_हसू:
नावात आलंय तेच लिहिते. ४ वर्षांपूर्वी सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. उजवा डोळा मिटेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तोंडावरून वारं गेलं." बेल्स पाल्सी निघाली, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडते ती. बहुतेकांचा चेहरा काही महिन्यांत पूर्ववत होतो. माझा जवळजवळ झाला. 'जवळजवळ' म्हणजे काय ते आरशाला विचारा.

मिरचीकूट, 'आहे तसं स्वीकारा' हे वाक्य मला लोक फार प्रेमानं ऐकवतात. पण आहे तसा हा चेहरा माझा नव्हताच. मला माझा जुना हवा होता. तेव्हा ओठाच्या उतरलेल्या कोपऱ्याला लायनर किंचित वर घेणं, भुवई रेखणं, सगळं शिकले. बसल्या जागी झकास दिसायचं. हसले की खेळ खलास! एक बाजू वर जाते आणि पेन्सिलची रेघ आपली जागेवरच. आता ओठांना फिका रंग लावते. गडद लाल रंगात तिरकेपणा जास्त उठतो. बाकी सोडून दिलं.

रंगपेटीताई, एकच विचारते. ट्रायलला त्या मुलीला हसवून बघितलंत का?

(आणि कुणाचं तोंड असं अचानक वाकडं झालं तर तेल-मालिश करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बेल्स पाल्सीची स्टेरॉइडं पहिल्या ७२ तासांत सुरू व्हायला लागतात. हातपाय लुळे पडत असतील, बोलणं अडखळत असेल तर तो मेंदूचा झटका असू शकतो, मग एक मिनिटही दवडू नका.)

मिरचीकूट:
अर्धवट_हसू, तुमच्या बाबतीत माझा एक शब्दही नाही. पण ललिता पवार आठवा. १९४२ मध्ये शूटिंगमध्ये भगवानदादांची थप्पड जोरात बसली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. वर्षानुवर्षं उपचार. आणि त्याच डोळ्यानं पुढे घराघरातल्या सुना चळचळा कापल्या. झाकला असता तर?

अर्धवट_हसू:
झाकता आला असता तर बाईंनी झाकलाही असता. नायिकेची कामं गेली त्यांची, ते का गाळलंत? खाष्ट सासू त्यांनी हौसेनं निवडली नव्हती. दुसऱ्याच्या दुखण्याचं तोरण आपल्या मुद्द्याला बांधू नका.

मिरचीकूट:
मान्य. तोरण काढलं. आत्याबाईंबद्दलचं मात्र मागे घेणार नाही.

पडद्यामागे:
हसण्याचा प्रश्न नेमका आहे. मेकअप गप्प बसलेल्या चेहऱ्याला तोलतो. लग्नात चेहरा गप्प बसतो कधी? मुंडावळ्या बांधल्यापासून सप्तपदीपर्यंत धूर, रडणं, खिदळणं.

रंगपेटी:
@अर्धवट_हसू, नाही. हसवून नाही बघितलं. भुवया मापत होते.

काल तिनं अल्बम पाठवला. भुवया एका रेषेत आहेत, काम चोख झालंय. पण अंतरपाट धरल्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक फोटोत पोरगी मान वळवून उजवा गालच पुढे करून उभी आहे. करवल्या तोंड फाडून हसतायत, ही ओठ मिटून.

पेन्सिल सोडणार नाही मी. मागेल तिला देणार. पण यापुढे ट्रायलला खुर्चीजवळ फक्त नवरी. आत्या, मावश्या, काकवा बाहेर. त्यांना चहा देईन.

कोकणातला_गणू:
चहाच्या ट्रेमध्ये आरसा ठेवा.