मदत हवी आहे: खाऱ्या हवेत जुनी फियाट घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

चिपळूणला 1978 ची एक प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, विकायला आहे. हँडगिअरवाली (गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ), मोतिया रंगाची, पहिल्यापासून एकाच घरात. मालक निवृत्त शिक्षक, मुलं पुण्याला, गाडी चालवणारं घरात कोणी उरलेलं नाही. सव्वा लाख सांगतायत, बसून बोललं तर थोडे खाली येतील. मी राहतो गणपतीपुळे आणि जयगडच्या मधे, समुद्राची गाज घरात ऐकू येते इतक्या जवळ. अडचण तीच आहे. घाटावर राहत असतो तर हा धागा काढलाच नसता, पैसे मोजून गाडी घेऊन आलो असतो.

आधी माझी मतं सांगून टाकतो, म्हणजे "नवीच घे" किंवा "जुनं ते सोनं" एवढंच लिहायला कोणी येणार नाही.

जुन्या गाड्यांचं वेड आहे, पण आंधळं नाही. "पूर्वीच्या गाड्या दणकट, आताचे नुसते पत्र्याचे डबे" हे ऐकलं की मी चहा अर्धा टाकून उठतो. जुना पत्रा जाड होता, मान्य. पण समोरून ठोकर बसली की स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीवर येतो. आजची गाडी पुढून चुरगळते ती मुद्दाम, आतल्या माणसापर्यंत धक्का कमी पोचावा म्हणून. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. भर पावसात आंबा घाट उतरणाऱ्याला त्याचं मोल विचारा. घरात रोजच्या वापराला नवी हॅचबॅक आहे आणि आईबाबांना घेऊन लांब जायचं तर तीच निघणार, यात वाद नाही.

पण त्याच गाडीत एसीचा वारा कमी करायचा तर पडद्यावर बोट टेकवावं लागतं. आमच्या रस्त्यावर ते बोट वाऱ्यावर न पडता रेडिओवर पडतं. ज्याने ही सोय काढली त्याला एकदा निवळी ते गणपतीपुळे पावसाळ्यात फिरवून आणायला हवं. खांब जाड, काचा अरुंद, मागचं काही दिसत नाही, म्हणून मग कॅमेरा. पद्मिनीत बसलं की चारी बाजूंना काच आहे, बोनेटच्या दोन्ही कडा दिसतात. दोन गडग्यांमधल्या पाणंदीतून गाडी काढायची तर मला असंच काहीतरी हवंय.

बाकी गाड्यांबद्दल म्हणाल तर अँबेसेडर मागच्या सीटवर बसणाऱ्याची गाडी, चालवणाऱ्याची कधीच नव्हती. कॉन्टेसा दिसायला राजेशाही, पण आमच्या अंगणात वळवता यायची नाही. मनापासून मान द्यावा अशी गाडी मारुती 800. डिसेंबर 1983 मध्ये ती आली आणि सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होणं ही कौतुकाने सांगायची गोष्ट राहिली नाही. तरी ती घ्यावीशी वाटत नाही. का, ते सांगता येत नाही. थार आवडते, पण सुट्टीत कर्द्याच्या वाळूत रुतलेल्या थार पाहिल्यावर सेकंडहँड घ्यायची हिंमत होत नाही. खाऱ्या पाण्यात चाकं बुडवून फोटो काढायचे आणि तीन वर्षांनी "वेल मेंटेन्ड" म्हणून जाहिरात द्यायची, असे लोक आहेत.

तर पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचं, ताकद साधारण 40 हॉर्सपॉवर, मुळात इटलीची फियाट 1100 डी. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून बनू लागली, सत्तरच्या दशकात आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर पार्टची ददात नव्हती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली. आता पार्टचं काय, ही पहिली शंका.

दुसरी शंका मोठी. इंजिन गोड वाजतंय, धूर नाही, गिअर खटाखट पडतात. पण ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर पत्रा बोटाने दबतोय. आणि दरवाज्याखालच्या पट्ट्यांना, म्हणजे सिलला, ताजं काळं कोटिंग मारलंय. बाकी गाडी धुळीत आणि तेवढाच भाग चकाचक. हे काय लपवलंय?

मला ती प्रदर्शनात मांडायची नाही. आठवड्यातून एकदा मालगुंडचा बाजार, कधी रत्नागिरी, वर्षातून एखाद्या वेळी कोल्हापूर. एवढं झेपेल का? की सरळ जिप्सी बघू? अनुभवी लोकांनी लिहा. रागावलात तरी चालेल.

— गडगा

शॉकप: रागावत नाही, पण घाई करू नका. पद्मिनीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. बॉडी हीच चेसिस. सिल आणि फ्लोअर कुजले म्हणजे नुसता पत्रा नाही, गाडीचा कणा गेला. जीपचं फ्लोअर गेलं तर खाली चेसिस असते, इथे काही नाही.

काळ्या कोटिंगखाली काय आहे ते बघायला लोहचुंबक न्या. जिथे चिकटणार नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलीय. मग मागच्या दरवाज्याच्या थोडं पुढे सिलखाली जॅक लावा आणि दरवाजा उघडझाप करा. गाडी जमिनीवर असताना बरोबर बसणारा दरवाजा जॅकवर घासायला लागला तर बॉडी वाकतेय, नमस्कार करून घरी या. आणि जॅक पत्र्यातच घुसला तर चहासुद्धा घेऊ नका. डिकीत स्पेअर व्हील ठेवतात ती जागा, मागच्या चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा भाग, हेही बघा.

इंजिनकडे पाहूच नका. ते आपल्याकडे अजून होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर मारून मिळेल, रिंगा-पिस्टन मिळतील. पत्र्याचं काम मनापासून करणारा माणूस मिळणं कठीण. बरेचजण कुजक्या पत्र्यावर नवा तुकडा ठेवून टाके मारतात. दोन पत्र्यांमधे ओल धरते आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. कुजकं सगळं कापून, चांगल्या पत्र्यापर्यंत जाऊन मग जोडायला हवं. त्याचे पैसे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतात, हे धरून चाला.

बांद्यावरसून: अरे बाबा, फियाट घेतलंस तर घे, पण आधी खालसून बघ. इंजिन काय, खंयचोय मिस्त्री करून दितलो. पत्रो कुजलो काय मगे कोण विचारुचो नाय. आणि ताडपत्री घालून ठेव नको, आतल्या आत घाम धरता.

शॉकप: बांद्यावरसून म्हणतात ते ताडपत्रीचं शंभर टक्के. बंद कव्हर आपल्याकडे गाडी मारतं. वर छप्पर आणि बाजूंनी वारा, खाली मातीऐवजी जांभ्याची फरशी किंवा कोबा. सिलच्या आत पोकळीत मेण फवारतात ते मारून घ्या, बाहेरून डांबरी कोटिंग मारून आत गंज ठेवण्यात अर्थ नाही. सिलच्या तळाला पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती कोटिंगवाल्याने बुजवलेली असणार. पहिलं काम ती मोकळी करायचं.

पासिंगवाला: सगळे पत्र्यावर, कागदांचं कोणीच बोलत नाही. आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत कधीपर्यंत आहे ते आधी बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. वीस वर्षांवरच्या कारची फी 2025 मध्ये 5,000 वरून 10,000 झाली. त्यावर पर्यावरण कर वेगळा. नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागेल. मुदत संपलेली असेल तर ते ओझं मालकाने उतरवून द्यायचं, सौद्यात घालून घेऊ नका.

हापूस_आणि_हॉर्न: त्यापेक्षा व्हिंटेज नंबर घ्या की! दहा वर्षं निवांत.

पासिंगवाला: हापूसराव, तो नियम जुलै 2021 चा. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं पूर्ण झालेली गाडी लागते. ही 1978 ची, म्हणजे 2028 पर्यंत थांबा. फी 20,000, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण 5,000. पण अट अशी की रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यांसारख्या मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही. यांना मालगुंडच्या बाजाराला जायचंय. साधी नोंदणीच बरी.

हापूस_आणि_हॉर्न: बरं बाबा. मग जिप्सी. चेसिस आहे, फोर-व्हील ड्राइव्ह आहे, विषय संपला.

घाटपायथा: विषय संपत नाही हो. जिप्सीचाही पत्रा पातळ, आपल्याकडे तोही कुजतो. आणि बाजारात आज चांगल्या जिप्सीचे भाव ऐकलेत का? त्यात पद्मिनी दुरुस्त होऊन वर सीट कव्हर येतील.

गडगा, तुम्ही कोल्हापूर म्हणालात म्हणून दोन गोष्टी. ब्रेक चारी चाकांना ड्रमचे आहेत, बूस्टर नाही. आंबा घाट उतरताना गिअर दुसऱ्यात ठेवा आणि गाडीला इंजिनने धरू द्या. पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर ड्रम तापतात आणि खाली साखरप्याला पोचेपर्यंत पेडल नुसतं जमिनीला लागतं. खोल पाण्यातून गाडी काढली की ब्रेक धरत नाहीत, हळू जाताना दोनचारदा हलके दाबून लायनिंग वाळवून घ्या.

घाट चढताना उन्हाळ्यात पेट्रोल पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बसते. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं ठेवायचे, अजूनही तोच उपाय. बाटलीभर पाणी डिकीत असू द्या.

दुसरं म्हणजे पेट्रोल. आता 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीत, कार्बोरेटरमध्ये गंज. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा मऊ पडून गळायला लागतात. गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे काय ते सांगायला नको. गाडी घेतल्या घेतल्या सगळे पाइप इथेनॉल चालणारे बसवा, आणि अग्निशामक छोटं का होईना सीटखाली ठेवा. कार्बोरेटरचा जेटही (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) थोडा मोठा लागेल, नाहीतर पिकअपला गचके खाईल.

पार्टची काळजी करता तेवढी नाही. चालण्याचे पार्ट, म्हणजे क्लच प्लेट, ब्रेक लायनिंग, पॉइंट, अजून मिळतात. मिळत नाहीत ते बाहेरचे: काचांची रबरं, क्रोमच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा. त्या या गाडीत शाबूत असतील तर इंजिनपेक्षा मी त्यांचे पैसे जास्त देईन.

गडगा: सगळ्यांचे आभार, विशेषतः शॉकप. चुंबक आणि जॅक घेऊन काल चिपळूणला गेलो. डाव्या सिलला चुंबक पूर्ण चिकटतं, उजव्याला पुढची साधारण वीतभर जागा सोडून. जॅक लावला, दरवाजा दोन्ही बाजूंनी नीट बसला. फ्लोअर मात्र ड्रायव्हरच्या बाजूचं गेलंय. मास्तरांनी स्वतःच सांगितलं की कोटिंग गाडी "जरा बरी दिसावी" म्हणून जावयाने मारलं. आरसी पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत आहे. मागच्या दिव्यांच्या दोन्ही काचा शाबूत, घाटपायथा!

नव्वद हजारांवर आलेत. पत्र्याचा अंदाज आल्याशिवाय हो म्हणणार नाही. आता एकच विचारतो: रत्नागिरी, लांजा, संगमेश्वर या बाजूला कापून जोडणारा, टाके न मारणारा डेंटर कोणाच्या माहितीत आहे का? नाव-नंबर इथे उघड लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शॉकप: व्यनि केलाय. गणपतीच्या आधी त्याच्याकडे जाऊ नका, सगळ्या चाकरमान्यांच्या गाड्या तिथेच असतात.