मेनफ्रेम दुसऱ्या शहरात चाललं, जुने प्रिंटर इथेच राहणार : जोडणीसाठी सल्ला हवा

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, आमचं मेनफ्रेम (मोठा मध्यवर्ती संगणक) दूरच्या डेटा सेंटरमध्ये हलवायचं ठरलंय. प्रिंटर मात्र जागचे हलणार नाहीत. मेनफ्रेमच्या चॅनेलला (बाहेरची यंत्रं जोडायच्या मार्गाला) बस-अँड-टॅग या जुन्या केबलने जोडलेले दोन लाइन प्रिंटर आहेत, मिनिटाला २००० ओळी छापणारे. ३१७४ कंट्रोलरमागे (टर्मिनल आणि प्रिंटर मेनफ्रेमला जोडणारी पेटी) कोॲक्स केबलवर चार ३२८७ प्रिंटर आहेत. आणि इथरनेट असलेला एक आयपीडीएस (प्रिंटर उलट निरोप देतो अशी आयबीएमची छपाई पद्धत) लेझर. कार्बनच्या तीन प्रती लागतात, त्यामुळे लाइन प्रिंटर काढून टाकता येत नाहीत.

दोन्ही जागांमध्ये व्हीपीएन (नेटवर्कचा सुरक्षित बोगदा) आहे, पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, ८० मिलिसेकंद येतो. नेटवर्कवाले म्हणतात लाइन दुप्पट घ्या. प्रिंटर पुरवणारे म्हणतात सगळं एलपीआरवर (नेटवर्कवरून फाइल प्रिंटरकडे धाडायची साधी पद्धत) टाका, विषय संपला. मला दोन्ही पटत नाही. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

तंतुवाद्य

लाइनवर पैसे घालू नका. हिशेब करून बघा: १३२ अक्षरं आणि एक कंट्रोल कॅरेक्टर, म्हणजे ओळीला १३३ बाइट. २००० ओळींचे मिनिटाला २,६६,००० बाइट. सेकंदाला जेमतेम ३६ किलोबिट होतात. तेवढं तर जुन्या मॉडेमवरूनही निघालं असतं.

तुम्हाला नडणार आहे तो हेलपाटा. प्रत्येक ओळीमागे उत्तराची वाट बघावी लागली, तर ८० मिलिसेकंदांत एक ओळ, सेकंदाला साडेबारा, मिनिटाला ७५०. लाइन दहापट केली तरी हा आकडा हलत नाही. बस-अँड-टॅग मुळात ४०० फुटांच्या आतल्या अंतरासाठी केलेली जोडणी आहे, तिला शहरं ओलांडायची सवय नाही.

म्हणून चॅनेल एक्स्टेंडर वापरतात. दोन टोकांना दोन पेट्या. मेनफ्रेमकडची पेटी प्रिंटर असल्यासारखं वागते आणि "झालं, पुढचं पाठव" असं लगेच सांगून मोकळी होते. वेग येतो, पण पुरवठादाराला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: पेटीने "झालं" म्हटल्यावर इकडे कागद अडकला, तर मधल्या ओळींचं काय?

शिवाय तिकडचं मशीन कोणतं आहे ते आधी बघा. आयबीएमच्या २०१२ च्या झेडईसी१२ मेनफ्रेमपासून एस्कॉनसुद्धा (बस-अँड-टॅगनंतरची फायबर जोडणी) राहिलं नाही, बस-अँड-टॅग तर त्याआधीच गेलं. नवं मशीन असेल तर फायकॉनवरून (एस्कॉननंतरची जोडणी) खाली बस-अँड-टॅगवर उतरवणारा कन्व्हर्टरही हिशेबात धरा.

कोरा_कागद

एलपीआरबद्दल मी सांगतो, कारण त्यात हात पोळलेत. पहिल्या दिवशी छापून आलं ते पान अजून डोळ्यांसमोर आहे: जिथे जिथे मोकळी जागा हवी तिथे @. एब्सिडिकमध्ये (मेनफ्रेमची अक्षरसंकेत पद्धत) स्पेस म्हणजे हेक्स ४०, आणि आस्कीमध्ये (इतर संगणकांची पद्धत) ४० म्हणजे @. भाषांतर झालंच नव्हतं. ते केलं तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर डावीकडे सुटा १ यायला लागला. तो आसा कॅरेज कंट्रोलचा (ओळीच्या पहिल्या अक्षरातून कागद सरकवायची पद्धत) "नवीन पान" हा हुकूम. प्रिंटरने पाळायच्या ऐवजी छापून टाकला. ० म्हणजे एक ओळ सोडून, + म्हणजे त्याच ओळीवर पुन्हा, हे सगळं रूपांतर कुणीतरी करावंच लागतं. एफसीबी (पानावरच्या ओळींची मांडणी प्रिंटरला सांगणारा तक्ता) वेगळा असेल तर पानाची लांबीही बघा, ६६ ओळींचं पान आणि ८८ ओळींचं पान यांत गल्लत झाली की प्रीप्रिंटेड फॉर्म वाया गेलेच म्हणून समजा.

हे सगळं दोन दिवसांत निस्तरलं. खरा घाव महिनाअखेरीला बसला. एलपीडीची (एलपीआरने धाडलेली फाइल घेणारा प्रोग्राम) पोच म्हणजे "फाइल माझ्याकडे आली", "छापली" नव्हे. पोच मिळाली तशी जेईएस२ ने (मेनफ्रेमवर जॉब सांभाळणारी प्रणाली) स्पूलमधून (आउटपुटचा साठा) आउटपुट काढून टाकलं. इकडे मध्यरात्री कागद फाटला. किती पानं निघाली कुणालाच माहीत नाही, आणि मागे न्यायला जॉबच शिल्लक नाही. आम्ही दोघं जमिनीवर बसून पावत्यांचे क्रमांक लावत होतो, पहाटेपर्यंत. चॅनेलवर प्रिंटर असताना एक बॅकस्पेस कमांड दिली की काम भागायचं.

एलपीआर घ्यायचंच असेल तर छापून झाल्यावरही आउटपुट स्पूलमध्ये धरून ठेवा, सकाळी माणसाने बघून मग काढा. आणखी एक: एलपीआरचं नियमपत्र आरएफसी ११७९ सोर्स पोर्ट (पाठवणाऱ्याकडचे जोडणी क्रमांक) ७२१ ते ७३१ एवढेच देतं, म्हणजे अकरा. छोट्या जॉबची रांग लागली की पोर्ट मोकळा होईपर्यंत सगळं थांबतं. ही अट सैल करण्याची सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का ते पाहून घ्या.

तंतुवाद्य

३२८७ ना हात लावू नका असं मी म्हणेन. ३१७४ तिथेच राहू द्या आणि त्याची एसएनए (आयबीएमची जुनी नेटवर्क पद्धत) वाहतूक आयपीवरून न्या, डीएलएसडब्ल्यूने (राउटरमधली त्यासाठीची सोय, आरएफसी १७९५). यातही राउटर स्थानिक पोच देतात, पण फक्त लिंकच्या पातळीवर, टायमर संपून सेशन पडू नये एवढ्यासाठी. छपाईचा होकार प्रिंटरच्या टोकाकडूनच मेनफ्रेमपर्यंत जातो. चॅनेल एक्स्टेंडरची पोच आणि ही पोच यांत हा फार मोठा फरक आहे, नावं सारखी म्हणून फसू नका.

३१७४ बंद पडायला आला असेल तर टीएन३२७०ई (मेनफ्रेमची टर्मिनल आणि प्रिंटर सेशन आयपीवरून चालवायची पद्धत) घ्या. त्यात प्रिंटर सेशन आहेत, आणि रिस्पॉन्सेस हा पर्याय दोन्ही बाजूंनी मान्य झाला तर छापल्याचा किंवा फसल्याचा निरोप परत येतो. साधं टीएन३२७० नको, त्यात हे नाही.

रात्रपाळी

खूप आभार. हे कुणीच सांगितलं नव्हतं. लेझर मी काल व्हीपीएनवरून जोडून पाहिला. दोन-चार पानं झकास येतात, मोठा जॉब सुरुवातीलाच अडकतो. आणि तासभर काही पाठवलं नाही की सेशन मेलेलं असतं.

कोरा_कागद

दोन वेगळे आजार आहेत. मोठा जॉब अडकतो तो बहुधा एमटीयूमुळे (पॅकेटच्या कमाल आकाराची मर्यादा). बोगद्यात पॅकेट मावत नाही आणि "लहान कर" हा आयसीएमपी (नेटवर्कच्या सूचनांचा) निरोप फायरवॉल गिळतो. तो निरोप जाऊ द्या, किंवा एमएसएस (एका पॅकेटमधल्या माहितीचा कमाल आकार) कमी करा. दुसरं, फायरवॉल निष्क्रिय जोडणी तोडतो. कीपअलाइव्हचा (जोडणी जिवंत आहे हे सांगणारा निरोप) मूळ अवधी बहुतेक ठिकाणी २ तास असतो, तो फायरवॉलच्या मुदतीच्या खाली आणा.

आयपीडीएस मात्र सोडू नका. पीएसएफला (मेनफ्रेमवरचा छपाईचा प्रोग्राम) प्रिंटर पानांचा हिशेब देत राहतो, ट्रेमध्ये पडलेल्या पानापर्यंत. अडकलं तर तिथूनच पुढे सुरू होतं.

रात्रपाळी

मग असं ठरवतो: लेझर आयपीडीएसवरच, ३२८७ डीएलएसडब्ल्यूवर, लाइन प्रिंटरसाठी एक्स्टेंडर, पण लेखी उत्तर आल्यावरच. शनिवारी रात्री तिन्हींवर पाचशे पानांचा जॉब सोडून मध्येच झाकण उघडणार आहे.

कोरा_कागद

उघडण्याआधी शेवटच्या छापील पानाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. आणि एकदा झाकणाऐवजी नेटवर्कची केबल काढून बघा, तो प्रसंग वेगळा वागतो.