कोल्हा काकडीला राजी, माकली मात्र थांबते!

खाडीकाठची:
धूर्तपणाचा मान कोल्ह्याला उगाच मिळालाय, तो माकलीला द्या. (माकली म्हणजे कटलफिश, जिच्या पाठीतला समुद्रफेस पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात ती. नळ, म्हणजे स्क्विड, नव्हे.) केंब्रिजच्या अलेक्झांड्रा श्नेल यांचा २०२१ सालचा प्रयोग बघा. सहा माकल्या, दोन पारदर्शक दारं. एकामागे कच्च्या कोळंबीचा तुकडा, लगेच मिळणारा. दुसऱ्यामागे जिवंत कोळंबी, पण दार उशिरा उघडणार. तुकडा खाल्लात की जिवंत कोळंबी गेली! माकल्या ५० ते १३० सेकंद थांबल्या. काहींनी तर तुकड्याकडे चक्क पाठ फिरवली. उपासाला मी बटाटेवड्याकडे फिरवते तशी.

रानवाट:
ताई, टाकीत आयतं खाणाऱ्याला थांबायला काय जातं? मेलेल्या ढोरापाशी कोल्हा दोन मिनिटं थांबला तर गावची कुत्री सगळं फस्त करतील. काकडीला राजी होणं हीच त्याची अक्कल. उंदीर, बोरं, खेकडे, ऊस, काहीही चालतं, म्हणून तर आग्नेय युरोपापासून थायलंडपर्यंत पसरलाय. मुंबईच्या खारफुटीतसुद्धा टिकून आहे.

खाडीकाठची:
ही अक्कल नाही, हावरटपणा. रोज रात्री कोळंबी मिळते हे कळलं की माकली दिवसा खेकडे कमी खाते. रात्रीचा नेम नसेल तर दिवसाच पोट भरून घेते. याला हिशेब म्हणतात.

बोरीबाभळी:
मला भलतंच खुपतंय. कोल्ह्याच्या पिल्लांना आईबाप सांभाळतात, कधी कधी आदल्या वर्षीची भावंडंही घरी राहून धाकट्यांना भरवतात. माकली अंडी घालते आणि मरते. पिल्लू बाहेर येतं तेव्हा शिकवायला कोणी नाही, आणि आयुष्य जेमतेम वर्ष-दोन वर्षांचं. तेवढ्यात जे येतं ते स्वतःचं स्वतः कमावलेलं. माझं मत माकलीला.

रानवाट:
अहो, पण ते कमावलेलं तिच्याबरोबरच बुडतं ना! आमच्या उसाच्या कुंपणाला खालून वीतभर फट आहे. कोल्हीण पिल्लांना तिथूनच आत आणायची. यंदा ती दिसली नाही, पण दोन तरणे कोल्हे नेमके त्याच फटीतून आले. हे माकलीला जमेल?

खाडीकाठची:
बरं, फटीपुरतं मान्य. पण कोळंबीसमोर दोन मिनिटं थांबवून दाखवा त्यांना.

रानवाट:
कोळंबी परवडत नाही. काकडी ठेवून बघतो.