७ सेंमीची डरमॉईड सिस्ट, दुर्बिणीतून काढणं कितपत सेफ?

मोगरा३४:
उजव्या ओव्हरीत ७ सेंमीची डरमॉईड निघालीये सोनोग्राफीत. कॅन्सरसारखं काही वाटत नाही म्हणाले, पण एवढ्या मोठ्या गाठीला पीळ पडू शकतो म्हणून दुर्बिणीतून काढू. माझं एक सिझर झालंय. सासूबाई म्हणतात पोट उघडून केलं की डॉक्टरला सगळं दिसतं, त्या भोकांतून आत भलतंच काही कापलं गेलं तर कळायचं कसं? आणि त्यात संमतीच्या फॉर्मवर "गरज पडल्यास पोट उघडावे लागेल" वाचल्यापासून माझी झोपच उडालीये. कुणाचं झालंय का?

खमंग_काकडी:
माझी गेल्या वर्षी काढली, डरमॉईडच. आत केसांचा गुंता नि चरबी, नवऱ्याला फोटो दाखवला तर तो महिनाभर शेवयांकडे बघत नव्हता 😄 दुसऱ्या दिवशी घरी आले. पण खांदा दुखेल हे कुणी सांगितलंच नव्हतं!! पोट फुगवायला जो कार्बन डायऑक्साईड भरतात ना, तो थोडा छातीच्या पडद्याखाली राहतो आणि दुखतं मात्र खांद्यात. तीनेक दिवसांत गेलं.

भूलवाली:
मी भूल देते, गायनॅक नाही. कॅमेऱ्यातून उलट मोठं दिसतं, सासूबाईंना सांग. धोका असतो तो जास्त करून पहिली सुई आणि पहिलं भोक पाडताना, आतडं, मूत्राशय किंवा मोठी रक्तवाहिनी दुखावू शकते. ब्रिटनचं गायनॅक कॉलेज नुसत्या तपासणीच्या दुर्बिणीसाठी १००० त साधारण २ बायकांना गंभीर त्रास होतो असं सांगतं, गाठ काढायची म्हटलं की थोडा जास्तच धरायचा. सिझरमुळे बेंबीजवळ आतडं चिकटलेलं असू शकतं, म्हणून काही सर्जन डाव्या बरगडीखालून आत शिरतात. तुझे कुठून शिरणार ते विचार. आणि अडचण दिसल्यावर पोट उघडणं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही गं, हट्टाने दुर्बीण रेटत बसणारा जास्त धोक्याचा.
आतड्याची इजा कधीकधी टेबलावर कळतच नाही. घरी गेल्यावर दुखणं रोज कमी व्हायला हवं. वाढतंय, ताप, उलट्या, पोट फुगतंय असं झालं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नकोस, लगेच जा.

निवांत_दुपार:
अजून मूल हवंय का तुला? माझी चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साठलेली गाठ) होती, काढल्यावर एएमएच (ओव्हरीत अंडी किती उरलीत त्याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) बराच खाली आला, गाठीच्या सालीबरोबर चांगली ओव्हरीपण थोडी जाते आणि रक्त थांबवायला जाळतात त्यानेही. डरमॉईडमध्ये हे तेवढं नसतं म्हणे, तरी ओव्हरी वाचवणार ना हे आधीच स्पष्ट बोलून घे. फॉर्मवर ओव्हरी काढायचीपण परवानगी घेतात, वाच नीट.

भूलवाली:
+१. आणि गाठ पिशवीत घालून काढणार का तेही विचार. डरमॉईड आत फुटली तर ती चरबी पोटाला झोंबते, मग सलाईनने धुऊन धुऊन काढावी लागते.

मोगरा३४:
थँक्यू सगळ्यांना 🙏 हो, दुसरं हवंय. विचारून आले आत्ताच, बरगडीखालूनच शिरणार, पिशवी वापरणार, ओव्हरी ठेवायचा पूर्ण प्रयत्न करणार म्हणाले. पुढच्या गुरुवारी आहे. सासूबाई येणारेत सोबत, शेवयांचं त्यांना सांगितलेलं नाही.